मागच्या दाराची ओळ

कवींना एकत्र बसवून एकच कविता करायला सांगणं म्हणजे चौघांना एका छत्रीत चालवणं. प्रत्येकाचा एक खांदा भिजतो आणि प्रत्येकाची खात्री असते की आपलाच जास्त भिजला. तरीही सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत हे मंडळ वर्षानुवर्षं टिकून होतं. त्याचं कारण कवितेवरचं प्रेम वगैरे नव्हतं. कारण होतं मास्तरांचा नियम.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. शाळा सुटली तरी पट्टी सुटली नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की हातात कागद आला की कवी कागदाशी बोलतो, माणसाशी नाही. म्हणून इथे कागद बंद. एकानं ओळ म्हणायची. पुढच्यानं आधी ती जशीच्या तशी म्हणायची आणि मग आपली जोडायची. ऐकलीच नसेल तर म्हणणार काय? त्यामुळे निदान या खोलीत तरी कवी एकमेकांचं ऐकत, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. ओळ तयार झाली की तिच्यावर सगळ्यांनी हात फिरवायचा, म्हणजे ज्याला वाटेल त्यानं एखादा शब्द बदलायचा. त्यानंतर ती ओळ कुणाची, हे विचारायचं नाही. आणि कुणाला काही खटकलं तर त्यानं नुसतं 'नाही' म्हणायचं. मग कविता कितीही रंगात आलेली असो, सगळ्यांनी थांबायचं. मास्तर विचारणार, 'काय नाही?' आणि म्हणणाऱ्यानं ते सरळ शब्दांत सांगायचं. हा 'नाही' फारसा कुणी वापरत नसे. कवितेत बोलणं सोपं असतं. सरळ शब्दांत बोलायची वेळ आली की भल्याभल्यांची बोबडी वळते.

मास्तरांखेरीज मंडळात तिघं होती. एक कंडक्टर. बसमध्ये ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झाला होता, की त्यानं प्रेमकविता म्हटली तरी पुढचा स्टॉप सांगतोय असं वाटे. दुसरी औषधवाली. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि लय चुकलेली ओळ ऐकली की तिच्या कपाळावर अशी आठी पडायची जणू कुणी भलतीच गोळी मागितली. आणि तिसरी थोरली.

थोरलीला मंडळात आणलं कंडक्टरनं. लाँड्रीतून सुटली की ती त्याच्याच बसनं घरी जायची आणि खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटायची. एक दिवस तो म्हणाला, "बाई, शिव्या देताय की कविता करताय? जे काय असेल ते मोठ्यानं म्हणा, आमचाही प्रवास बरा होईल." ती दोन्ही करत होती.

तिला थोरली म्हणायचे ते घरात तिच्या मागून आलेल्या धाकट्या जावेमुळे. दोघी जावा एकाच स्वयंपाकघरात, एकाच लाँड्रीत, एकाच रोलरवर. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या ओल्या चादरी थोरलीनं एका बाजूनं रोलरमध्ये सारायच्या आणि धाकटीनं पलीकडून कडकडीत, सपाट होऊन आलेल्या ओढून घ्यायच्या. दिवसभर दोघींमध्ये एक चादर ताणलेली असे आणि तरीही कधी त्यांच्यात ताण आला नाही. सासूबाईंना दोघींचं भांडण लावून द्यायची फार हौस होती. त्यांनी जंग जंग पछाडलं, पण डाळ शिजली नाही. शेवटी बिचाऱ्या शेजारणीच्या सुनांकडे वळल्या.

लाँड्रीला मागच्या गल्लीत उघडणारं एक लोखंडी दार होतं. वाफेनं जीव घाबरा झाला की बायका त्या दारानं क्षणभर गल्लीत जाऊन उभ्या राहत. मालकांना ते दिसलं. क्षणभर उभं राहणारी बाई क्षणभर काम करत नाही, एवढा हिशेब मालकांना कुणी शिकवावा लागत नाही. त्यांनी दाराला बाहेरून साखळी घातली आणि कुलूप ठोकलं. मग बायका आत खोक्यावर चढायच्या आणि दाराच्या वरच्या जाळीतून बोटं बाहेर काढायच्या. बोटांना वारा लागला तरी बरं वाटायचं.

आणि एक दिवस रोलरकडे जाणारा वाफेचा पाइप फुटला. पुढची वाट वाफेनं भरली. सगळ्या मागच्या दाराकडे धावल्या आणि सगळ्यांत पुढे होती धाकटी. पाइप त्या दाराला लागूनच गेलेला, लोखंड तव्यासारखं तापलेलं. तिनं दोन्ही तळव्यांनी दार ढकललं आणि ढकलतच राहिली, कारण मागून सगळ्या तिच्यावर रेटत होत्या. बॉयलरवाल्यानं वाफ बंद केली तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास घेतला. धाकटीचे हात मात्र गेले. म्हणजे होते जागेवर, पण त्यांची मूठ वळेना.

दुसऱ्या दिवशी दाराला साखळी नव्हती. चौकशीला माणसं आली तेव्हा मालकांनी साफ कानावर हात ठेवले. दार उघडंच असतं, म्हणाले. बाईनं निष्काळजीपणानं रोलरमध्ये हात घातले. निष्काळजी बाईला कामावर कोण ठेवणार? धाकटीला घरी बसवलं. थोरलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाफ होती. दिसलं नाही." हे असं बोल, म्हणून तिला धाकटीनंच बजावलं होतं. "ताई, तुम्ही गप्प राहा. दोघी घरी बसलो तर चूल कशावर पेटवायची?" थोरली गप्प राहिली. पण त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. चादर रोलरमध्ये सारली की पलीकडून ओढणारे हात भलतेच कुणाचे असत.

आता फोटोंची गोष्ट. एका फोटोवालीनं अपघाताच्या आधी कितीतरी दिवस शहरातल्या कामाच्या जागा पालथ्या घातल्या होत्या. बाई म्हटलं तर अबोल, पण कॅमेरा घेऊन कुठे शिरेल याचा नेम नाही. तिनं लाँड्रीही टिपली होती. पांढऱ्याशुभ्र चादरींचे ढीग, घामानं चमकणारे चेहरे, भाजू नये म्हणून बोटांना गुंडाळलेल्या निळ्या पट्ट्या. आणि एक फोटो मागच्या गल्लीतून काढलेला: लोखंडी दार, साखळी, कुलूप, आणि वर जाळीतून बाहेर आलेली निळ्या पट्ट्यांची बोटं.

हे सगळे फोटो शहराच्या सभागृहात लागायचे ठरले. फोटोवालीनं मंडळाला गाठलं. म्हणाली, नुसते फोटो बघून लोक 'अरेरे' म्हणतात आणि चहाकडे वळतात. प्रत्येक फोटोपुढे उभं राहून कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं. तुम्ही कराल का एक कविता, सगळ्यांनी मिळून? मास्तरांनी चष्मा पुसला आणि हो म्हटलं. मास्तर चष्मा पुसत तेव्हा समजायचं की त्यांना रडू येतंय, आणि आपल्याला ते समजलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही.

थोरलीनं तो गल्लीतला फोटो पाहिला आणि पुन्हा जवळ जाऊन पाहिला. जाळीतलं डावीकडून पहिलं बोट धाकटीचं होतं. ते वाकडं होतं, लहानपणी पाळण्यात सापडलेलं. घरी येऊन तिनं धाकटीला सांगितलं, "चौकशीत नाही बोलले. पण कवितेत बोलेन. सगळ्या शहरासमोर बोलेन, बघ तू."

"कवितेत बोललेलं चालतं?" धाकटीनं विचारलं.

"का नाही चालणार?"

धाकटी पहिल्यांदाच थोडी हसली.

कविता सायकलवाल्याच्या वरच्याच खोलीत, फोटो भिंतीला टेकवून रचली गेली. बेकरीचा फोटो झाला, छापखान्याचा झाला, गटारात उतरणाऱ्यांचा झाला. गल्लीच्या फोटोची पाळी आली तेव्हा थोरलीनं ओळ म्हटली:

"मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं."

सगळे फोटोकडे बघत राहिले. पण कवींची गप्प बसायची ताकद किती असणार? औषधवालीनं ओळ म्हणून पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "'बाहेरून'ला ओळ अडखळते हो. 'काळाचं' करून बघूया? दाराला काळाचं कुलूप..." कंडक्टरनं मान डोलावली. तो म्हणाला, "'होतं' कशाला? गेलं ते गेलं वाटतं. 'आहे' म्हणा. आहे म्हटलं की आजही आहे." दोघांचं म्हणणं बरोबर होतं. कवितेत असंच असतं. प्रत्येक जण बरोबर असतो आणि सगळे मिळून खड्ड्यात जातात. मास्तर म्हणाले, "'मागच्या' हा शब्द जरा तेवढ्यापुरता वाटतो. ज्यानं ती गल्ली पाहिली नाही त्याचं काय?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तिनं 'नाही' म्हणायला हवं होतं. त्या एका शब्दासाठीच तर ती आली होती. पण तिच्या डोळ्यांसमोर मालक आले, सभागृहातली पुढची रांग आली, आणि दुसऱ्या दिवशीची लाँड्री आली. तिच्याच तोंडून निघालं, "'प्रत्येक' करा. प्रत्येक दाराला."

"प्रत्येक दाराला काळाचं कुलूप आहे," कंडक्टरनं म्हणून पाहिलं. औषधवालीनं पुढची ओळ अलगद जोडली: "आणि आतल्या बाजूला आपण सारेच."

वा, असं कुणीतरी म्हणालं. थोरलीला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून लगेच शरमही वाटली. पण ओळ खरंच सुरेख झाली होती, आणि सुरेख ओळीपुढे कवीची शरम फार वेळ तग धरत नाही.

घरी तिनं ती धाकटीला म्हणून दाखवली. धाकटी मांडीवर हात उलटे ठेवून बसली होती. लक्ष देऊन ऐकलं तिनं.

"छान आहे," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "कुठल्या दाराबद्दल आहे?"

थोरली उठून ताटं मांडायला लागली. धाकटीनंही पुन्हा विचारलं नाही. उद्घाटनाला येशील ना, असं थोरलीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जा ताई. लोक हातांकडे बघत बसतात."

इकडे फोटो भिंतीवर चढले आणि गल्लीतला फोटो उतरला. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, काच तडकली. सभागृहातले नवे झगझगीत दिवे लाँड्रीच्या मालकांनी दिलेले होते, आणि त्या दिव्यांच्या उजेडात काच कशी तडकली हे न कळायला कुणी आंधळं नव्हतं. फोटोवाली भांडली. मालकांचा निरोप आला की लोखंडी दारं शहरभर सगळीकडे असतात, हे आमचंच कशावरून? फार आवाज केला तर सगळंच प्रदर्शन उतरवू, असं व्यवस्थापकांनी साखर पेरत सांगितलं. तिथे बेकरीवाले होते, छापखानेवाले होते, गटारातले होते. सगळ्यांना उतरवायचा अधिकार आपल्याला नाही, असं म्हणून फोटोवालीनं दात आवळले. पण त्या जागी दुसरा फोटो लावू दिला नाही. "खिळा राहील," ती म्हणाली. खिळा राहिला, आणि त्याच्याखालची पट्टीही राहिली: 'मागची गल्ली'.

आता कविता ऐकल्याशिवाय परवानगी नाही, म्हणून व्यवस्थापक खोलीवर आले. मंडळानं जीव मुठीत धरून कविता म्हटली. रिकाम्या खिळ्याच्या दोन ओळी आल्या तेव्हा थोरली व्यवस्थापकांच्या चेहऱ्याकडे बघत होती. व्यवस्थापकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सुंदर! कुणालाच लागत नाही."

कंडक्टर खूश झाला. औषधवाली खूश झाली. मास्तर मात्र चष्मा पुसत बसले, आणि या वेळी ते रडू लपवायला नव्हतं, शरम लपवायला होतं.

उद्घाटनाला संध्याकाळी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत शहरातली वजनदार मंडळी आणि मधोमध लाँड्रीचे मालक. मागे उभी गर्दी होती. भिंतीवर आपापले चेहरे बघायला आलेले बेकरीवाले, छापखान्यातले, आणि सुटीची पाळी असलेल्या लाँड्रीतल्या बायका. त्या एकमेकींना कोपरानं ढोसत स्वतःचे फोटो दाखवत होत्या. "बघ गं, मी किती जाड दिसते." "दिसतेस कुठे, आहेस." रिकाम्या खिळ्यापाशी मात्र त्यांचं हसू थांबत होतं. पट्टीवरचं नाव वाचून त्या पुढे सरकत होत्या.

दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. मालक उठले. मालकांना बोलायला आवडे आणि त्यांना ते येतही असे, हेच तर वाईट. कष्टांबद्दल बोलले, चादरींच्या पांढऱ्या रंगाबद्दल बोलले. मग म्हणाले, "आज आपण जी कविता ऐकणार आहोत, तिच्यातल्या दोन ओळी मला व्यवस्थापकांनी आधीच ऐकवल्या. 'प्रत्येक दाराला काळाचं कुलूप आहे, आणि आतल्या बाजूला आपण सारेच.' खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपण सारेच! मीसुद्धा. एवढी मोठी लाँड्री चालवायची म्हणजे ती काय कमी कैद आहे?"

पुढची रांग कौतुकानं हसली. टाळ्या पडल्या.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिळ्यावरून फोटो त्यांनी उतरवला हे तिला ठाऊक होतं. पण ओळीतून दार तिनं स्वतःच्या हातानं उतरवलं होतं, आणि आता मालक त्या मोकळ्या जागेत ऐसपैस येऊन बसले होते. तिला स्वतःची किळस आली. चौकशीत 'दिसलं नाही' म्हणाली त्याला निदान भुकेचं कारण होतं. 'प्रत्येक' म्हणाली त्याला काय कारण होतं? लोक वा म्हणाले, हेच ना?

कविता सुरू झाली. चौघं फोटोंपुढून चालत निघाली आणि गर्दी त्यांच्या मागून. बेकरी झाली. छापखाना झाला. गटारातल्या माणसांच्या ओळींना कुणाच्या तरी तोंडून हुंदका निघाला. मालक मान डोलावत अगदी पुढे चालत होते. रिकाम्या खिळ्यापाशी सगळे थांबले. व्यवस्थापकांनी मालकांसाठी आणि पुढच्या रांगेतल्या मंडळींसाठी खुर्च्या आणवल्या. ओळ म्हणायची पाळी थोरलीची होती.

ती खिळ्याकडे बघत उभी राहिली. कंडक्टरला वाटलं विसरली, त्यानं हळूच सुरुवात करून दिली, "प्रत्येक..."

"नाही," थोरली म्हणाली.

मंडळातल्या माणसांचे पाय जागीच थिजले. सवय ती सवय. खोलीत असो की भर सभागृहात, 'नाही' आला की पुढे जायचं नसतं. पाहुण्यांना वाटलं हाही कवितेचाच भाग. व्यवस्थापकांना तसं वाटलं नाही. ते मास्तरांना हातवारे करू लागले, चला, पुढे चला. मास्तरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. एवढ्या वर्षांत वर्गाकडे पाठ न फिरवलेला तो माणूस.

"काय नाही?" मास्तरांनी विचारलं.

थोरली मास्तरांकडे वळली. "प्रत्येक नाही," ती म्हणाली. "प्रत्येक दाराला नव्हतं. एका दाराला होतं. मागच्या."

"मागच्या," मास्तर म्हणाले. "मीच तो शब्द हलवला होता. परत घ्या."

कंडक्टरनं क्षणभर मालकांकडे पाहिलं, मग थोरलीकडे. "आहे नाही," तो त्याच्या स्टॉप सांगायच्या आवाजात म्हणाला, आणि ते थेट शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "होतं. दुसऱ्या दिवशी काढलं. मी त्याच गल्लीवरून बस नेतो. साखळी मी डोळ्यांनी पाहिलीय आणि तोंडाला कुलूप घालून बसलो. माझा शब्द मी परत घेतो."

उरली औषधवाली. लय तिचा जीव की प्राण होती. तिनं ओठांतल्या ओठांत ओळ एकदा म्हणून पाहिली. "अडखळते," ती पुटपुटली. मग मान वर केली. "अडखळू दे. काळाचं नव्हतं. बाहेरून होतं."

आणि मग चौघांनी मिळून ती म्हटली: "मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं."

मालक सावकाश उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, उतरवायचं राहून गेल्यासारखं. "ही ओळ कुणाची?" त्यांनी विचारलं.

"ते इथे विचारत नाहीत," मास्तर म्हणाले.

"मी विचारतोय. आमच्या कामावरच्या कुणाची आहे का, तेवढंच सांगा."

मास्तर गप्प राहिले. औषधवाली गप्प राहिली. कंडक्टरसारखा माणूस गप्प राहिला. थोरलीला कळलं की ते तिला पाठीशी घालताहेत. त्या तिघांविषयी तिला फार माया दाटून आली. पण दुसऱ्यांच्या पाठीशी लपून ती फार दिवस राहिली होती. ती एक पाऊल पुढे आली.

"माझी," ती म्हणाली. "माझी आहे. उद्या ये म्हणा किंवा येऊ नको म्हणा."

"नाही."

हा 'नाही' मंडळातल्या कुणाचा नव्हता. तो दाराकडून आला होता. गर्दीनं मागे वळून पाहिलं. फोटोवालीच्या शेजारी धाकटी उभी होती. केव्हा आली, किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. रोज बाह्यांत लपवलेले हात आज तिनं उघडे सोडले होते.

मास्तर तिच्याकडे वळले. नियम तो नियम. "काय नाही?"

"ओळ ताईंची नाही," धाकटी म्हणाली. ती गर्दीतून पुढे येत होती आणि गर्दी तिला वाट करून देत होती. "ताईंनी नुसती सांभाळली. मधे जरा हरवली होती, ते मी त्यांच्याशी घरी भांडेन. ओळ माझी आहे." ती खिळ्याखाली येऊन उभी राहिली, थोरलीच्या खांद्याला खांदा लावून, आणि दोन्ही तळवे समोर धरले. दाराच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचे वण कातडीवर अजून दिसत होते. "मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. माझे हात त्या दाराला भाजले."

पुढच्यानं आधी ती जशीच्या तशी म्हणायची, हा नियम मागे उभ्या असलेल्या बायकांना कुणी शिकवला नव्हता. पण संध्याकाळभर त्या चौघांचं ऐकत होत्या. तेवढं पुरेसं होतं. रोलरवर चादरी मोजणारी जाडी बाई पहिल्यांदा बोलली.

"मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. माझे हात त्या दाराला भाजले." आणि मग आपली जोडली, "मी हिच्या मागे होते. मीच हिला रेटत होते." एवढं बोलून तिला रडू कोसळलं.

तिच्या शेजारचीनं दोघींचं म्हटलं आणि जोडलं, "जाळीतलं तिसरं बोट माझं." तिच्या पुढचीनं सगळं म्हटलं आणि जोडलं, "आम्ही हाका मारल्या." कुणाची लय जमत नव्हती. कुणी मधेच नाक पुसत होतं. ओळी वाढत चालल्या तसं म्हणणं अवघड होत चाललं, तरी एकीनंही एक शब्द गाळला नाही. थोरली प्रत्येकीबरोबर ओठ हलवत होती. एवढी वर्षं कविता करून तिनं याहून चांगली कविता ऐकली नव्हती, आणि तिच्यात तिचा एकही शब्द नव्हता, याचा तिला अभिमान वाटला.

व्यवस्थापक मालकांच्या कानाशी लागले होते. दिवे घालवू का, असं विचारत होते म्हणे. पण ओळींची साखळी माणसामाणसातून फिरत फिरत पुढे आली होती. बॉयलरवाल्यानं म्हटलं. बेकरीतल्या एकानं, ज्याचा त्या दाराशी काडीचा संबंध नव्हता, त्यानंही सगळं म्हटलं आणि जोडलं, "आमच्याकडेही असंच एक दार आहे." पुढच्या रांगेतल्या वजनदार मंडळींपैकी एक बाई चाचरत उठल्या, त्यांनी सगळं म्हटलं, आणि जोडण्यासारखं आपल्याकडे काही नाही असं सांगून खाली बसल्या. त्यांच्या शेजारी मालक उभे होते.

धाकटी त्यांच्यासमोर आली. तिनं हात खाली घेतले नाहीत.

"आता तुमची पाळी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, चादरीचं दुसरं टोक धरा म्हणून सांगावं तसा. "आधी आमची जशीच्या तशी म्हणायची. मग तुमची जोडायची."

मालकांनी दाराकडे पाहिलं. सभागृहाचं दार सताड उघडं होतं आणि त्यांच्या वाटेत कुणीही उभं नव्हतं. थोरलीनं धाकटीच्या कोपराला धरलं. सगळे मालकांकडे बघत होते, आणि घरी जायची घाई कुणालाच नव्हती.